दगडाला हात लावावा की लावू नये?

जी वस्तू पाहिल्याने झिजते ती पाहण्याचा माणसाला अधिकार आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण म्हणू, की नुसते पाहिल्याने कुठे काही झिजते? पाहिलेला डोंगर तसाच राहतो, पाहिलेला समुद्र तसाच राहतो. परंतु या देशात, लोद-रामलेसारख्या गावांपासून फारशी दूर नसलेली अशी एक जागा आहे, जी माणसाच्या नुसत्या येण्यानेही थोडी थोडी बिघडू शकते. आणि तरीही तिथे दरवाजा बसवलेला आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत, तिकीट आहे, आणि सर्वांना येण्याचे आमंत्रण आहे. ही जागा म्हणजे बेत शेमेशच्या पूर्वेला डोंगरउतारावर असलेली सोरेक गुहा. तिच्या निमित्ताने जो प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला, तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

प्रथम गुहेविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९६८ च्या मे महिन्यात तिथल्या दगडाच्या खाणीत नेहमीप्रमाणे सुरुंग लावला गेला आणि डोंगराच्या पोटात एक भोक पडले. आत पाहतात तो चुन्याच्या दगडाची अखंड मढवलेली खोली! सुमारे ८३ मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि १५ मीटर उंच. या गुहेला बाहेरून नैसर्गिक तोंड नव्हतेच. म्हणजे तोपर्यंत तिथे माणसाने कधी पाऊल टाकले नव्हते. नासधूस होईल या भीतीने काही वर्षे ही बातमी गुप्त ठेवण्यात आली. मग दिव्यांची व वाटेची सोय करून १९७७ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली. १९६७ नंतरच्या लढायांत कामी आलेल्या अवशालोम शोहाम या सैनिकाचे नाव तिला दिले आहे.

गुहा तयार झाली ती केवळ पावसाच्या पाण्याने. पाऊस पडताना हवेतून, आणि त्याहून अधिक मातीतून, कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात मिसळतो. पाणी किंचित आम्ल बनते. असे पाणी खडकाच्या फटीतून झिरपताना खडकातला चुना विरघळवते आणि बरोबर घेऊन जाते. गुहेच्या छताशी थेंब आला, की त्यातला वायू गुहेच्या हवेत निघून जातो आणि चुन्याचा अतिशय पातळ थर मागे राहतो. छतावरून तो खाली वाढत येतो. जो थेंब खाली पडतो, त्याचा थर जमिनीवरून वर चढत जातो. दोघांची गाठ पडली, की खांब होतो. ही वाढ वर्षाला एक मिलीमीटरसुद्धा होत नाही, त्याच्या लहानशा अंशाइतकीच होते. आणि त्या डोंगरावर वर्षाला पाऊस तो किती? पाचशे मिलीमीटरच्या आसपास. आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात एका श्रावणात पडावा, त्याहूनही हा कमी. इतक्या तुटपुंज्या पावसाने हे काम तीन लाख वर्षे केलेले आहे.

मराठी शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात या आकारांना 'लवणस्तंभ' म्हणत. त्यात मीठ नाही, चुना आहे, तरी हा शब्द आम्हाला आवडतो. कारण लवणस्तंभ म्हटले, की आपल्याला लोटाची बायको आठवते. पाहू नको असे सांगितले असता तिने मागे वळून पाहिले आणि ती मिठाचा खांब झाली. म्हणजे पाहणे ही गोष्ट नेहमीच निरुपद्रवी नसते, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आपण मूळचे ज्या प्रदेशातले, तिथे गुहा म्हणजे लेणी. घारापुरी, कान्हेरी, अजिंठा, वेरूळ ही नावे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना अजून पाठ आहेत. महाराष्ट्राचा डोंगर काळ्या पाषाणाचा. कोकणात त्यावर तांबडा जांभा. तिथे चुन्याच्या दगडाच्या अशा गुहा जवळजवळ नाहीतच. तिथली लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरली. लेण्यात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, कारण कोणाचे तरी श्रम समोर दिसतात. कोणी तरी उन्हातान्हात घण घातला, कोणी तरी पणतीच्या उजेडात भिंत रंगवली. त्या हातांचा मान आपण राखतो. सोरेकच्या गुहेत मात्र असे कोणाचेच हात नाहीत. तिथे कोणी घाम गाळलेला नाही, कोणी नकाशा काढलेला नाही, आणि तीन लाख वर्षे ती पाहायला तिथे कोणीही नव्हते. मग आपण मान राखायचा तो कोणाचा?

या प्रश्नाने खरी धार घेतली ती एका सहलीत. आपल्या मंडळींची एक बस तिकडे गेली होती, आणि आम्हीही त्यात होतो. सुमारे दीडशे पायऱ्या उतरून जावे लागते. आत हवा बारा महिने एकसारखी, बावीस अंशांच्या जवळपास, आणि दमट इतकी, की चष्म्यावर वाफ धरते. एक आजी म्हणाल्या, "अगदी आषाढातल्या माजघरासारखं वाटतंय." आतला ओलावा निसटू नये म्हणून दाराची खास व्यवस्था आहे. वाट दाखवणाऱ्या मुलीने आधीच बजावले होते, की कशालाही हात लावायचा नाही. आपल्या त्वचेवर तेल असते. तेलाचा पुसट थर दगडावर बसला, की पाण्याचा थेंब तिथे पूर्वीसारखा पसरत नाही, चुना धरत नाही, दगड काळवंडतो आणि त्या जागी त्याची वाढ थांबू शकते. छतावरून उतरणारा एक खांब आणि जमिनीवरून चढणारा दुसरा, यांच्यात अगदी थोडे अंतर उरले आहे. त्या जोडीला रोमिओ आणि ज्युलिएट म्हणतात. मंडळी तिथे उभी असताना आजींच्या नऊ वर्षांच्या नातवाने हात पुढे केला.

"एकदाच लावतो, सावता. एवढ्या मोठ्या खांबाला माझ्या एका बोटाने काय होणार आहे?"

आजी मराठीतच म्हणाल्या, "अरे, तुझ्यामागे अख्खी बस उभी आहे."

मुलाने हात मागे घेतला. सगळे हसले आणि पुढे गेले. परंतु मुलाचा मुद्दा वाटतो तितका पोरकट नाही, आणि आजींचे उत्तर वाटते तितके पुरेसे नाही. ते कसे, ते पाहू.

मुलाचे म्हणणे हिशेबाने खरे आहे. एका बोटाने त्या खांबाचे जे नुकसान होईल ते मोजायला कोणतेही माप पुरणार नाही. आजी म्हणतात, मागे अख्खी बस आहे. परंतु मुलगा उलट विचारू शकला असता, "बसमधली माणसे मला विचारून हात लावणार आहेत काय? ती लावायची असतील तर लावतील, नसतील तर नाही लावणार. माझ्या एका बोटाने त्यांच्यात फरक पडत नाही आणि खांबातही फरक पडत नाही. मग फक्त मला मिळणारा आनंद तेवढा खरा उरतो." या युक्तिवादाला उत्तर देणे सोपे नाही. आज जगात जी मोठमोठी नुकसाने होतात, नद्या घाण होतात, विहिरी आटतात, हवा बिघडते, त्या प्रत्येकामागे अशी लाखो निरपराध बोटे असतात. यांतल्या कोणावरही खटला भरता येत नाही.

आम्हाला उत्तर सुचले ते आपल्या जुन्या धंद्यावरून. कोकणात आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आता समजा, एका तेल्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला चार थेंब कमी मापले. कोणत्याही गिऱ्हाइकाला ते कळणार नाही. कोणाची भाजी चार थेंबांनी बेचव होणार नाही. कोणाचे नुकसान झाले असे बोट ठेवून दाखवता येणार नाही. तरीही आपण त्याला मापात पाप म्हणतो, आणि खोटे माप तोराहने स्पष्टपणे निषिद्ध केलेले आहे. का बरे? कारण तेल्याने स्वतःसाठी एक अशी सवलत घेतली, जी सर्वांना देता येत नाही. सगळेच कमी मापू लागले तर बाजारच उरणार नाही. तो जगतो ते बाकीच्यांच्या प्रामाणिकपणावर, आणि स्वतः मात्र त्यात भर घालीत नाही.

गुहेतल्या बोटाचेही असेच आहे. खांब पांढरा राहिला आहे तो आपल्या आधी आलेल्या हजारो लोकांनी हात मागे ठेवला म्हणून. त्या संयमाचा फायदा घेऊन आपण पाहायला आलो. मग तोच संयम आपण न पाळता निघून गेलो, तर नुकसान किती झाले हा प्रश्नच नव्हे. आपण घेतले आणि परत दिले नाही, हा प्रश्न आहे. म्हणून आजींचे उत्तर थोडे बदलून असे म्हणावेसे वाटते, की "बाळा, तुझ्यामागे अख्खी बस आहे ती आहेच. पण तुझ्यापुढेही हजारो बसगाड्या येऊन गेल्या, आणि त्यांनी तुझ्यासाठी हात आवरला."

आता दुसरा प्रश्न. दगडाला दुःख होत नाही. त्याचा कर्ता माणूस नाही. तर मग अन्याय होतो तो कोणावर? एक उत्तर सरळ आहे. पुढे जन्माला येणाऱ्यांवर. परंतु एवढ्याने आमचे समाधान होत नाही. उद्या जगात पाहणारे कोणीच उरणार नाही असे ठरले, तरी शेवटच्या माणसाने जाता जाता हातोड्याने ते खांब फोडावेत काय? आम्हाला वाटते, फोडू नयेत, आणि बहुतेक वाचकांनाही असेच वाटेल. आपल्या धर्मात 'बाल ताशखीत' म्हणजे नासधूस करू नये, अशी आज्ञा आहे. ती मुळात युद्धाच्या वेळी वेढा घातलेल्या नगराच्या फळझाडांविषयी आहे, पण आपल्या पंडितांनी तिचा अर्थ पुष्कळ वाढवला. तरीही त्या आज्ञेत बहुतेक वेळा माणसाच्या उपयोगाच्या वस्तूच डोळ्यांपुढे असतात. याच्याही पलीकडे जाणारा विचार ईयोबाच्या पुस्तकात आहे. जिथे माणूस राहत नाही अशा ओसाड रानातही पाऊस पडतो, याची तिथे देव ईयोबाला आठवण करून देतो. म्हणजे सगळे जग माणसाच्या नफ्यातोट्यासाठी चाललेले नाही. सोरेकच्या गुहेत उभे राहिले, की या विचाराचा अर्थ डोळ्यांना दिसतो. कोणी पाहत नसताना तीन लाख वर्षे थेंब पडत होता. त्याला आपली गरज नव्हती.

परंतु याच टोकाला जाऊन कोणी म्हणेल, की मग गुहा बंदच करा. जे आपल्याविना घडले ते आपल्याविनाच राहू द्या. ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेचे उदाहरण पाहा. १९४० मध्ये चार मुलांना ती सापडली. आत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी रंगवलेले बैल, घोडे, हरणे. युद्धानंतर १९४८ मध्ये ती लोकांना उघडली आणि दिवसाला हजारावर माणसे येऊ लागली. त्यांच्या श्वासाने, अंगाच्या उष्णतेने आणि दिव्यांनी भिंतींवर हिरवे शेवाळ धरले. शेवटी १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. १९८३ पासून जवळच बांधलेली तिची हुबेहूब नक्कल लोक पाहतात. नुसत्या पाहण्याने वस्तू झिजते म्हणतात ती अशी.

आणि बंद ठेवण्याचे उदाहरण तर आपल्यातल्या पुष्कळांच्या घराशेजारीच आहे. २००६ साली रामलेजवळ सिमेंटच्या दगडाच्या खाणीत आणखी एक गुहा उघडी पडली. तिला अयालोनची गुहा म्हणतात. सोरेकसारखे देखणे खांब ही तिची प्रसिद्धी नव्हे. तिथे, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर, सूर्यप्रकाशापासून तुटलेले एक लहानसे जीवजगत सापडले. डोळे नसलेले कवचधारी प्राणी, जगाला आधी माहीत नसलेल्या जाती. आंधळे विंचूही सापडले, पण तेवढे मेलेले. ही गुहा सहलींसाठी उघडलेली नाही. फक्त अभ्यासकांना जाता येते. रामलेच्या बाजारात भाजी घेताना आपल्या पायांखालच्या या जगाची कोणाला कल्पनाही नसते. आम्हाला त्यात काही चुकीचे वाटत नाही. ते जग पाहायला न मिळणे हा आपल्यावर अन्याय आहे असे म्हणायला आम्ही धजणार नाही.

मग सोरेकही बंद करावी? इथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे, आणि ती बाजू कार्मेल डोंगरावर आहे. हैफाच्या दक्षिणेला नाहाल मेआरोत, म्हणजे गुहांचा ओढा, म्हणून जागा आहे. १९२८ साली ब्रिटिश सरकार हैफाचे बंदर बांधायच्या तयारीत होते, आणि त्यासाठी तिथला डोंगर फोडून दगड न्यायचा बेत होता. फोडण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे म्हणून थोडे खोदले, तर प्राचीन माणसाने कोरलेले हाड हाती आले. बेत रद्द झाला. पुढे १९२९ ते १९३४ या काळात डोरोथी गॅरोड या बाईंनी तिथे खोदकाम केले. त्यांच्या हाताखाली आसपासच्या अरब खेड्यांतल्या बायका कामाला होत्या. १९३२ मध्ये युसरा नावाच्या त्यांतल्याच एका तरुणीच्या नजरेला मातीत एक दात पडला, आणि त्यावरून ताबून गुहेतल्या निअँडरथल स्त्रीची कवटी मिळाली. गॅरोडबाई पुढे १९३९ मध्ये केंब्रिजच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. युसराचे पुढे काय झाले ते इतिहासात नाही. पण पाहिले तिने.

त्या गुहांत माणसाच्या पाच लाख वर्षांच्या खुणा थरावर थर साचलेल्या आहेत. स्खूल गुहेत एक लाख वर्षांच्या आसपासची दफने सापडली. त्यांतल्या एका माणसाच्या हाताशी रानडुकराचा जबडा ठेवलेला होता. का ठेवला, हे सांगणारे कोणी नाही. पण मेलेल्याला रित्या हाती पाठवू नये, ही भावना इतकी जुनी आहे, एवढे तरी त्यावरून कळते. २०१२ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. आता विचार करा. १९२८ मध्ये कोणी पाहिलेच नसते, तर हे सगळे आज बंदराच्या धक्क्याखाली खडी होऊन पडले असते. म्हणजे पाहण्याने वस्तू झिजते हे खरे, आणि न पाहण्याने ती समूळ नाहीशी होऊ शकते हेही तितकेच खरे. सोरेकची गुहाही आधी सुरुंगाने फोडली आणि मग पाहिल्यामुळेच वाचली. आणि ज्यांच्यावर आपण रुसावे ते खाणवाले तरी कोण? या देशात आल्यावर ज्या शिकुनमधल्या घरांत आपण संसार मांडले, ती घरे अशाच खाणींच्या दगडावर आणि खडीवर उभी आहेत.

शिवाय गरिबाचा प्रश्न आहे. अभ्यासकाला परवानगी मिळते, मोठ्या पाहुण्यालाही मिळते. बंद दाराचा नियम लागू होतो तो सामान्य माणसाला. आयुष्यभर कारखान्यात राबलेल्या, परदेश कधी न पाहिलेल्या आपल्या एखाद्या काकांना दीडशे पायऱ्या उतरून तीन लाख वर्षे दिसत असतील, तर ते सुख आम्ही कमी लेखणार नाही. आणि अभ्यासकही काही नुसते पाहत नाहीत. सोरेकच्या खांबांचे तुकडे कापून मिर्याम बार-मॅथ्यूज आणि अव्नर अयालोन या शास्त्रज्ञांनी त्यांतल्या थरांचा अभ्यास केला. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांप्रमाणे त्या थरांत दीड लाखाहून अधिक वर्षांच्या पावसाची नोंद सापडली. कोणत्या काळी या देशात पाऊस चांगला झाला, कोणत्या काळी दुष्काळ पडला, ते दगडाने लिहून ठेवले होते. हे ज्ञान कापल्याशिवाय मिळाले नसते. तेव्हा 'कधीही हात लावू नये' हाही नियम पुरा पडत नाही. कशासाठी, किती, आणि कोणाला उत्तर देऊन, हे विचारावेच लागते.

याबाबतीत रब्बी शिमोन बार योखाई यांची कथा आम्हाला फार मोलाची वाटते. रोमन लोकांच्या भीतीने ते आणि त्यांचा मुलगा बारा वर्षे गुहेत लपून राहिले आणि तोराहचा अभ्यास करीत राहिले. बाहेर आले तो लोक शेत नांगरीत होते. असा वेळ दवडतात म्हणून दोघांना राग आला, आणि जिथे त्यांची नजर पडे ते जळून जाई. तेव्हा त्यांना पुन्हा गुहेत जाण्याची आज्ञा झाली. वर्षभराने ते बाहेर आले. आता मुलाच्या नजरेने जे जखमी होई, ते वडिलांच्या नजरेने बरे होई. डोळे तेच, जग तेच, फक्त पाहण्याची रीत पालटली. आमच्या मते गुहेचा सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. दार उघडे असावे की बंद, हे त्या त्या गुहेचे सोसणे पाहून जाणत्यांनी ठरवावे. उघडे असेल तिथे आपण कोणते डोळे घेऊन जातो, हे मात्र आपल्या हातात आहे.

इथे लेख संपवता आला असता. परंतु बेने इस्राएल वाचकांपुढे लिहिताना एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपला समाजही शेकडो वर्षे कोकणात अशाच एखाद्या बंद गुहेसारखा राहिला. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले तिथून आपली परंपरा सुरू होते असे आपण सांगतो. शब्बाथ, सुंता, शेमा, एवढ्यावर थेंब थेंब करून आपण टिकलो. मग बाहेरच्यांना आपला पत्ता लागला. आज आपल्याविषयी पुस्तके निघतात, आपल्या मलिद्याचे फोटो काढले जातात, आपल्या आज्यांची गाणी ध्वनिमुद्रित होतात. हे सगळे चांगलेच आहे. पण यातून आपल्यातल्या काहींच्या मनात अशी समजूत रुजते आहे, की आपला वारसा आता सुरक्षित झाला. काचेच्या कपाटात ठेवला, वर दिवा लावला, खाली पाटी लिहिली, म्हणजे झाले.

ही समजूत आम्हाला धोक्याची वाटते. वारसा दोन प्रकारचा असतो. एक हात लावल्याने झिजतो, दुसरा हात न लावल्याने मरतो. सोरेकचा खांब पहिल्या प्रकारचा. मराठी भाषा, मलिदा, एलियाहू हन्नाबीची भक्ती ही दुसऱ्या प्रकारची. पोहे भिजवणारे, नारळ किसणारे, गूळ चिरणारे हात असतील तोवरच मलिदा आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एक खडक आहे, ज्यावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा आहेत अशी आपली श्रद्धा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे नवस घेऊन जातात. त्या खडकाजवळ कोणी जाऊ नये असा नियम केला, तर तो खडक राहील, पण त्याचे पावित्र्य कोणाच्या मनात राहणार? तो दगड माणसांच्या जवळिकीने मोठा झाला. हैफाच्या एलियाहूच्या गुहेचेही तेच. तीही कार्मेलच्या चुन्याच्या दगडातलीच, पण तिथे आपण जातो ते मागणे घेऊन, दगडाला कपाळ टेकायला. एकच डोंगर, एकच दगड, आणि दोन ठिकाणी दोन निराळे धर्म पाळायचे.

आपली अडचण अशी, की आपण नेमके उलटे करतो. जिथे हात आवरायचा तिथे आवरवत नाही. झाडावर नाव कोरतो, गुहेत बोट लावतो, ओढ्यात कचरा टाकतो. आणि जिथे रोज हात घालायला हवा, तिथे मात्र 'मुलांना कुठे समजणार' म्हणून सगळे जपून ठेवून देतो. नातवंडांशी मराठी बोलताना ती मोडतोड करतील, 'ळ' ला 'ल' म्हणतील, क्रियापद हिब्रू घालतील. घालू द्यावे. भाषेवर बोटांचे ठसे उमटले तर ती काळी पडत नाही. त्या सहलीतल्या आजींनी नातवाला मराठीत उत्तर दिले आणि त्याने ते समजून हात मागे घेतला, यात आम्हाला दोन्ही वारसे एकाच वेळी सांभाळले गेलेले दिसले.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. सोरेकची गुहा जरूर पाहा. पायाला घट्ट बसतील अशा चपला किंवा बूट घाला, कारण जमीन ओली असते. गुडघे दुखत असतील त्यांनी पायऱ्यांचा विचार आधी करावा. आत जाताना मुलांना हात पाठीमागे बांधायला सांगा, आणि का बांधायचे तेही सांगा. नुसता हुकूम करू नका. कार्मेलच्या गुहाही दाखवा, म्हणजे माणूस किती जुना आहे ते त्यांना कळेल. आणि हे सगळे सांगताना जमेल तेवढे मराठीत सांगा. शब्द अडले तर अडू द्या, मुले विचारतील. त्यांनी विचारले, की 'थेंब' हा शब्द त्यांना नक्की शिकवा. तिथे उभे असताना तो शिकवायला फार वेळ लागत नाही. वरून पडतच असतो.